दहा मिलिग्रॅमची गोष्ट

(स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेलं भाषण. बोलताना सुटलेल्या दोन-तीन गोष्टी लिहून देताना घातल्या आहेत.)



संयोजकांनी मला विषय दिला होता, 'औषधे घेताना घ्यावयाची काळजी'. मी १९९१ पासून इथे वाईत औषधांचं दुकान चालवते, तेव्हा उपाशीपोटी काय घ्यावं आणि जेवणानंतर काय घ्यावं हे सांगावं अशी त्यांची अपेक्षा. ते मी दुकानात फुकट सांगते, केव्हाही या. आज मी एकाच गोळीबद्दल बोलणार आहे. तिच्यापायी माझ्या हातून एक चूक झाली. ज्यांच्या बाबतीत झाली त्या आपल्या गणिताच्या बाई इथे पहिल्या रांगेत बसल्या आहेत. त्यांची परवानगी घेतली आहे. त्यांची अट एकच होती, "सांग, पण 'बिचाऱ्या बाई' असा सूर लावू नकोस."

२००९ सालची गोष्ट. बाई निवृत्त होऊन पाच वर्षं झाली होती, पण घरी शिकवण्या जोरात होत्या. त्यांच्या खालच्या जबड्यात डाव्या बाजूला, हाडात अडकून राहिलेल्या अक्कलदाढेभोवती पाण्याची गाठ झाली होती. पुण्याला शस्त्रक्रिया होऊन ती निघाली. तीन महिन्यांनी एका संध्याकाळी बाई चिठ्ठी घेऊन माझ्या दुकानात आल्या. चिठ्ठीवर होतं, अ‍ॅमिट्रिप्टिलिन १० मिलिग्रॅम, रात्री झोपताना एक. दुकानात पाच-सहा गिऱ्हाइकं. आणि मी, औषधांचं शिक्षण घेतलेली बाई, काउंटरवरून मोठ्यानं म्हणाले, "बाई, ही तर डिप्रेशनची गोळी आहे. तुम्हाला कशाला लागली?"

मला काळजीच वाटली होती, हे खरं आहे. त्यानं काही फरक पडत नाही. बाईंनी पैसे दिले, पट्टी पर्समध्ये टाकली आणि काही न बोलता गेल्या.

यापुढचं मला नऊ वर्षांनी कळलं. मधला भाग आधी सांगते.

मे २०१८. सुरूरच्या फाट्यावरून स्कूटरनं वाईकडे येत होते. कुत्रं आडवं आलं आणि मी हनुवटीवर आपटले. खालचा जबडा दोन ठिकाणी मोडला. डाव्या बाजूला हाडाच्या मधोमध, आणि उजवीकडे कानापुढे, जिथे जबड्याची बिजागरी असते तिथे. पुण्यात शस्त्रक्रिया झाली. डावीकडे टायटॅनियमची पट्टी आणि स्क्रू, आणि वरच्या-खालच्या दातांना तारा लावून त्यांवर रबर. पूर्वी सहा सहा आठवडे तोंड तारेनं गच्च बांधून ठेवायचे, आता पट्ट्यांमुळे बऱ्याच जणांची त्यातून लवकर सुटका होते. माझी बिजागरीही मोडली होती म्हणून मला पाच आठवडे रबर होते. भाताची पेज, ताक, मुगाचं कढण. आणि महिना मे! घरात आंब्याची पेटी, आणि मला गाळलेला रस, तोही चमच्यानं, ओठाच्या कोपऱ्यातून अर्धा खाली सांडत. सात किलो वजन उतरलं. त्याआधी वीस वर्षं त्यासाठी चालायला जात होते.

हाड छान जुळलं. त्रास सुरू झाला तो नंतर.

इथे थोडं शरीरशास्त्र सांगते. आपल्या खालच्या जबड्याच्या हाडात दोन्ही बाजूंना एकेक बोगदा असतो. त्यातून एक नस जाते, खालच्या दातांना फांद्या देते आणि हनुवटीच्या बाजूला एका भोकातून बाहेर पडून ओठाला आणि हनुवटीला जाणीव देते. फक्त जाणीव. ओठ हलवणारी नस वेगळी, त्यामुळे ही दुखावली तरी तोंड वाकडं होत नाही आणि बघणाऱ्याला काहीच कळत नाही. जबड्याचा अस्थिभंग असो, गाठ असो, खोल गेलेली अक्कलदाढ असो किंवा पुढे आलेला जबडा मागे घेण्याची शस्त्रक्रिया असो, ही नस त्या वाटेवरच असते. कितीही कुशल हात असला तरी ती ताणली जाऊ शकते, चेपली जाऊ शकते. बहुतेकांना काही आठवडे किंवा महिने ओठ बधिर राहतो आणि मग जाग येत जाते. नस फार सावकाश वाढते, दिवसाला साधारण एक मिलिमीटर. काहींचा बधिरपणा थोडाफार कायमचा राहतो. आणि थोड्या लोकांच्या बाबतीत नस जागी होते ती वेडीवाकडी.

माझी तशी झाली. ओठाला पंख्याचा वारा लागला तरी आग. साडीचा पदर हनुवटीला घासला की विजेचा झटका. दात घासणं म्हणजे शिक्षा. आणि गंमत अशी की त्याच ओठाला चिमटा काढला तर कळायचं नाही. बधिरही आणि दुखराही, एकाच वेळी. डायक्लोफेनॅक घेतलं, पॅरासिटामॉल घेतलं. दुकान घरचंच होतं! काही उपयोग नाही, कारण ती औषधं सूज आणि जखम यांच्या दुखण्यावर चालतात. इथे जखम भरली होती. दुखत होती ती खुद्द बातमी पोचवणारी तार.

सप्टेंबरमध्ये शल्यचिकित्सकांनी मला चिठ्ठी दिली. अ‍ॅमिट्रिप्टिलिन १० मिलिग्रॅम, रात्री झोपताना एक.

मी त्या चिठ्ठीकडे किती वेळ बघत राहिले, सांगता येत नाही. मला औषध माहीत होतं. नसांच्या दुखण्यासाठी देतात हेही तोवर माहीत झालं होतं. तरीही दुकानातल्या मुलाला न सांगता मी स्वतः पट्टी काढली आणि घरी तांदळाच्या डब्यामागे ठेवली. मिस्टरांनी पाहिली तर काय म्हणतील! सत्तावीस वर्षं औषधं विकणारी बाई तांदळाच्या डब्यामागे गोळी लपवते, आणि काउंटरवर मात्र दुसऱ्याची गोळी ओरडून सांगते.

त्याच आठवड्यात बाई मला बघायला आल्या. येताना डब्यात दुधी भोपळ्याचं सूप आणलं होतं, गाळून. मी त्यांना ओठाचं सांगितलं. पंखा, पदर, दात घासणं. त्या शांतपणे ऐकत होत्या आणि मग म्हणाल्या, "आणि बोलायला लागलं की वाढतं ना?" मी म्हटलं, "तुम्हाला कसं कळलं?"

मग त्यांनी सांगितलं. २००९ ची ती पट्टी त्यांनी उघडलीच नव्हती. दुकानातून घरी पोचेपर्यंत त्यांनी ठरवलं होतं, की डॉक्टरांना आपलं दुखणं खोटं वाटतंय, म्हणून डोक्याची गोळी दिली. पुढच्या तपासणीलाही गेल्या नाहीत. आणि त्या संध्याकाळी दुकानात जी गिऱ्हाइकं होती, त्यांत शिकवणीला येणाऱ्या एका मुलाचे वडील होते. 'बाईंना डोक्याचं काहीतरी झालंय' हे आळीत फिरलं. तीन मुलं शिकवणी सोडून गेली. उरलेल्यांना शिकवताना बोलून बोलून आग व्हायची, म्हणून दिवाळीनंतर बाईंनीच शिकवण्या बंद केल्या. दुखणं दीड-दोन वर्षांनी आपसूक कमी झालं. बधिरपणा अजून आहे. सकाळपासून तुम्ही पाहत असाल, बाईंच्या हातात सतत रुमाल असतो आणि जेवताना त्या घासागणिक ओठ टिपतात. ओठाला शीत चिकटलं तर त्यांना कळत नाही, म्हणून.

ती गोळी घेतली असती तर बाईंना बरं वाटलं असतंच, असं मी म्हणत नाही. त्याचा हिशेब पुढे सांगते. पण घेऊन बघायची संधी मी घालवली, आणि शिकवण्यांची किंमत तर निव्वळ माझ्या आवाजाची होती.

आता गोळीबद्दल. नैराश्यावरची गोळी ओठाच्या आगीवर का द्यायची?

औषधाला सरकारी मान्यता मिळते ती ठरावीक आजारांसाठी. त्या यादीबाहेरच्या आजारासाठी डॉक्टर विचारपूर्वक तेच औषध देतात, त्याला 'ऑफ-लेबल' वापर म्हणतात. म्हणजे परवान्याच्या कागदाबाहेरचा. ऐकायला चोरीछुपे वाटतं, पण तो वैद्यकातला रोजचा व्यवहार आहे. गॅबापेंटिन मुळात फिटसाठी आलेलं, ते नसांच्या निरनिराळ्या दुखण्यांना देतात. प्रोप्रॅनोलॉल हे रक्तदाबाचं, ते काही गायक-वादक मंचावर जाण्याआधी हात थरथरू नयेत म्हणून घेतात. (मी आज घेतलेलं नाही, हे तुम्हाला दिसतंच आहे.) अ‍ॅमिट्रिप्टिलिनचा परवाना अमेरिकेत नैराश्यापुरता आहे, तर ब्रिटनमध्ये नसांच्या वेदनेसाठीही आहे. गोळी तीच, दुखणं तेच, फक्त समुद्र ओलांडला की कागद बदलतो.

या जातीच्या औषधांचा जन्मही असाच आडवाटेनं झाला. स्वित्झर्लंडमध्ये रोलँड कून नावाच्या मनोविकारतज्ज्ञानं इमिप्रामिन हे रसायन स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना देऊन पाहिलं. तिथे ते फसलं, पण नैराश्याचे रुग्ण सुधारले. ते त्यानं १९५७ मध्ये प्रसिद्ध केलं. योगायोग बघा, त्याच १९५७ साली ट्राउनर आणि ओब्वेगेझर यांनी खालचा जबडा उभा चिरून पुढे-मागे सरकवण्याच्या शस्त्रक्रियेचा लेख प्रसिद्ध केला. आज जगभर जबड्याची ठेवण सुधारतात ती त्याच वाटेनं, आणि त्या शस्त्रक्रियेत ती बोगद्यातली नस अगदी करवतीच्या शेजारी असते. दोन्ही शोधांची गाठ रुग्णाच्या ओठावर पडणार आहे, हे तेव्हा कोणाच्या मनात असणार? अ‍ॅमिट्रिप्टिलिन १९६१ मध्ये बाजारात आलं. आज ते जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, आणि स्वस्त आहे. माझ्या धंद्याच्या दृष्टीनं जरा जास्तच स्वस्त.

काम कसं करतं? वेदनेची बातमी नसांतून वर मेंदूकडे जाते, हे आपल्याला माहीत असतं. पण मेंदूकडून खालीही काही वाटा येतात, ज्या त्या बातमीला आवर घालतात. घरात पोरांनी कल्ला केला की आतल्या खोलीतून आजोबा "हळू रे!" म्हणतात, तसं. चेहऱ्याच्या बाबतीत हे काम मेंदूच्या बुंध्याशी चालतं. या आवर घालणाऱ्या वाटांवर सेरोटोनिन आणि नॉरअ‍ॅड्रेनॅलिन ही दोन रसायनं लागतात. गोळी ती रसायनं जास्त वेळ टिकू देते. आजोबांचा आवाज मोठा होतो, एवढंच. मनावरच्या परिणामाशी याचा फारसा संबंध नाही. ज्यांना नैराश्य अजिबात नाही, त्यांचंही दुखणं कमी होतं. मात्राही वेगळी. नैराश्यासाठी ७५, १००, १५० मिलिग्रॅमपर्यंत जातात, दुखण्यासाठी १० नं सुरुवात करून लागेल तसं हळूहळू वाढवतात. नैराश्याच्याच नव्या औषधांपैकी ड्युलॉक्सेटिन अशा दुखण्यावर चालतं, कारण तेही दोन्ही रसायनांवर काम करतं. फ्लुऑक्सेटिनसारखी, फक्त सेरोटोनिनवर चालणारी औषधं दुखण्याला फारशी लागू पडत नाहीत.

आता तो हिशेब. अशा गोळ्या नसांच्या दुखण्याच्या साधारण चार जणांना दिल्या, तर गोळीमुळेच म्हणता येईल असा भरीव आराम मिळणारा एक निघतो. आणि हे आकडे मुख्यतः मधुमेहाच्या आणि नागिणीनंतरच्या दुखण्यावरच्या अभ्यासांतून आलेले आहेत. जबड्याच्या शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांवरचे अभ्यास थोडे आणि लहान आहेत. म्हणजे डॉक्टर इथे शेजारच्या गावाचा नकाशा बघून वाट काढत असतात. मला हे प्रामाणिकपणे सांगितलेलं आवडतं. माझ्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, "सहा आठवडे देऊन बघू, नाही जमलं तर बंद करू."

मला जमलं. पहिले दहा दिवस काही नाही, नुसती सकाळी नऊपर्यंत झोप आणि तोंडाला कोरड. तिसऱ्या आठवड्यात एका रात्री लक्षात आलं, की पंखा चालू आहे आणि मी त्याच्याकडे पाठ केलेली नाही. पुढे मात्रा २५ पर्यंत गेली. आग पूर्ण गेली नाही. ती शेजारच्या खोलीत जाऊन बसली. चौदा महिन्यांनी, डॉक्टरांच्या सांगण्यानं, हळूहळू कमी करत गोळी बंद केली.

या गोळीचे काच सांगितले नाहीत तर दुकानदार म्हणून मी नापास. तोंडाला कोरड पडते आणि कोरड्या तोंडात दात लवकर किडतात. तारा बांधलेल्या माणसाला तर हे दुप्पट महागात पडतं. बद्धकोष्ठ, वजनवाढ, सकाळची गुंगी. आपण आता पंचावन्न ओलांडलेली मंडळी, म्हणून पुरुषांनो, प्रोस्टेट वाढलेली असेल तर लघवी अडू शकते, ते आधी डॉक्टरांना सांगा. काचबिंदू असेल तर सांगा. हृदयाचा आजार असेल तर सांगा, अशांचा आधी ईसीजी काढतात. शस्त्रक्रियेनंतर ट्रॅमाडॉल चालू असेल तर सांगा, दोन्ही मिळून सेरोटोनिन धोक्याइतकं वाढू शकतं. दारू नको. एकदम बंद करायची नाही. आणि जास्त गोळ्या एकदम पोटात गेल्या तर हे औषध जीवघेणं आहे, म्हणून नातवंडांच्या हाती लागेल असं ठेवायचं नाही. तांदळाच्या डब्यामागे तर नाहीच. उलट बाजूही आहे. जे आधीपासून नैराश्यासाठी सर्ट्रालिन, फ्लुऑक्सेटिनसारखी औषधं घेतात, त्यांनी जबड्याच्या शस्त्रक्रियेआधी ते लपवू नये. त्यांनी काहींना झोपेत दात खाण्याची सवय लागते, आणि डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामकांबरोबर रक्तस्राव वाढू शकतो. पण लपवू नये म्हणजे बंदही करू नये. काय करायचं ते डॉक्टर ठरवतील. भाषणानंतर मला गाठून 'माझ्या गुडघ्याला ही चालेल का' असं मात्र विचारू नका.

आता एक शेवटचं, जे मला अजून पुरतं उलगडलेलं नाही. बाईंचं कळल्यावर मी दुकानात माझं बोलणं बदललं. अशी चिठ्ठी आली की बाजूला घेऊन हळू आवाजात सांगायचे, "घाबरू नका, ही वेड्यांची गोळी नाही, तुमच्या नसांसाठी दिली आहे." फार शहाणपणाचं वाटायचं मला ते. मग आपल्या वर्गातल्याच एकीनं, तीही आज इथे आहे, मला विचारलं, "माझा मुलगा हीच गोळी नैराश्यासाठी घेतो. त्याला तू काय सांगशील? की हो, तुझी मात्र वेड्यांची?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. एकाची लाज झाकायला मी ती दुसऱ्याच्या अंगावर टाकत होते. आणि खरं सांगायचं तर, पाच आठवडे तोंड बांधलेलं असताना, आरशात सुजलेला अनोळखी चेहरा बघताना, फोनवर कोणाशी बोलता येत नसताना, मला स्वतःलाही रोज रात्री रडू यायचं. तेव्हा डॉक्टरांनी मला त्यासाठी गोळी दिली असती, तर ती ऑफ-लेबलही ठरली नसती. मी ती घेतली असती का? नसती. डोक्यावर पदर घेऊन दुसऱ्या गावच्या दुकानातूनही आणली नसती.

हल्ली मी एवढंच विचारते, "ही गोळी कशासाठी दिली, ते डॉक्टरांनी सांगितलंय का?" नसेल सांगितलं, तर परत जाऊन विचारायला लावते, किंवा गिऱ्हाइकाच्या देखत फोन लावते. दुकानात मागच्या बाजूला एक खुर्ची ठेवली आहे. तिथे बसून बोलता येतं, पुढच्या गिऱ्हाइकाला ऐकू जात नाही.

भाषणाचा कागद मी परवा बाईंना दाखवला. त्यांनी तांबड्या पेनानं दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं. एका ठिकाणी मी नुसतं '१०' लिहिलं होतं, तिथे समासात लिहिलं, 'एकक?' आणि खाली विचारलं, "तीन मुलं गेली म्हणतेस, पण त्यांतला एक मार्चमध्ये परत आला होता, ते का नाही लिहिलंस?" तो आला होता. भूमितीची प्रमेयं समजत नव्हती म्हणून. बाईंनी त्याला महिनाभर शिकवलं, जास्तीत जास्त फळ्यावर लिहून, कमीत कमी बोलून.